साक्षी, हेर आणि खांबावरचा कॅमेरा

गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाजवळ, गावाच्या चौकात किंवा देवळाच्या आवारात खांब उभारून त्यावर कॅमेरा बसवला जातो, तेव्हा त्याच्याविषयी दोन समजुती बहुधा एकत्रच गृहीत धरल्या जातात. पहिली अशी, की कॅमेरा हा तटस्थ साक्षी आहे, कारण त्याला ना कोणाचा लोभ ना कोणाशी वैर. आणि दुसरी अशी, की ‘देव पाहतो आहे’ या भावनेने ज्या समाजात माणसे एकेकाळी जपून वागत, त्या समाजात त्या भावनेची रिकामी झालेली जागा आता हे यंत्र भरून काढत आहे. दोन्ही समजुती साक्षी या संकल्पनेवर भिस्त ठेवून आहेत, आणि या संकल्पनेची सांख्य, न्याय व वेदान्त या दर्शनांनी फार बारकाईने छाननी केलेली आहे. त्या छाननीत पहिली समजूत टिकत नाही आणि दुसरीला वेगळेच वळण लागते. मात्र या तपासाची सुरुवात भिंगापासून न करता त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या केबलपासून करणे बरे, कारण भिंग आपले काम मुकाट्याने करीत असल्यासारखे दिसते, तर केबल टाकताना मात्र पावलोपावली कोणाला तरी काहीतरी ठरवावे लागते.

इमारतीच्या भिंतीपासून खांबापर्यंत केबल हवेतून न्यायची असेल, तर ती नुसती ताणून बांधता येत नाही. आतल्या नाजूक तांब्याच्या जोड्यांवर भार येऊ नये म्हणून आधी जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी तार दोन टोकांमध्ये बांधतात आणि केबल ठिकठिकाणी तिला अडकवतात. हा सगळा भार पोलादी तार वाहते. त्या तारेला झोळ ठेवावाच लागतो. 30 मीटर अंतरावर टांगलेल्या, दर मीटरला 100 ग्रॅम भरणाऱ्या तार-केबलला मधोमध 30 सेंटीमीटर झोळ दिला, तर टोकांवर सुमारे 37.5 किलो वजनाइतका ताण येतो. तोच झोळ डोळ्याला खुपतो म्हणून 3 सेंटीमीटरवर आणायचा म्हटले, की ताण दसपट होऊन 375 किलोंवर जातो, भिंतीतला हूक सैल होऊ लागतो आणि खांब कलतो. झोळ पूर्ण काढून तार सरळ रेषेत आणण्याइतका ताण तर जगात कोठेच नाही. आवरण उन्हात तडकणार नाही असे, म्हणजे काजळी मिसळलेल्या काळ्या पॉलिथिनचे घ्यावे लागते. घरातली पांढरी केबल एकदोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते. खोक्यात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक वळसा द्यावा लागतो, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून जाते आणि आत शिरत नाही. वळवाच्या पावसात वीज दूर कोठे पडली तरी उघड्यावरच्या लांब तारेत विजेचा झटका उमटू शकतो, म्हणून दोन्ही टोकांना झटका शोषणारी साधने आणि नीट अर्थिंग लागते. केबल रस्ता ओलांडून जात असेल तर तिची उंची हाही वादाचा विषय होतो. गणेशोत्सवात उंच मूर्तीच्या मिरवणुकीपुढे लांब बांबूने तारा वर उचलून धरणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या तपशिलांमधून एक साधी गोष्ट दिसते. दुरून पाहण्याची सोय करणारा दुवा कोणाच्या तरी निर्णयांवर लटकलेला असतो: तार कोणाच्या गच्चीवरून जाईल, कोणाच्या अंगणावर तिची सावली पडेल, खांब कोणाच्या मालकीचा आहे आणि त्याची परवानगी कोणी दिली. भिंगाच्या तटस्थपणाविषयी काहीही म्हटले, तरी केबलच्या बाबतीत तो दावा करण्याचे धाडस कोणी करणार नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे वळता येईल. सतराव्या शतकातील धर्मराजाध्वरींद्र यांनी ‘वेदान्तपरिभाषा’ या ग्रंथात प्रत्यक्ष ज्ञान कसे होते याचे विवेचन करताना तळ्याच्या पाण्याचा दृष्टान्त योजला आहे. तळ्याचे पाणी भोकातून बाहेर पडून पाटाने शेतात जाते आणि वाफा चौकोनी असेल तर तेही चौकोनी होते. त्याचप्रमाणे अंतःकरण, म्हणजे मन, बुद्धी इत्यादी रूपांनी वावरणारे आतले ज्ञानसाधन, डोळ्यावाटे बाहेर जाऊन समोरच्या वस्तूचा आकार घेते, आणि या आकार घेण्याला ‘वृत्ती’ म्हणतात. कॅमेऱ्याच्या केबलमध्येही काहीतरी बाहेर जाते. ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ या पद्धतीत, म्हणजे एकाच केबलमधून वीज आणि माहिती दोन्ही नेण्याच्या पद्धतीत, ज्या जोड्यांतून सुमारे 48 व्होल्टची वीज खांबाकडे जाते त्याच जोड्यांतून चित्रही परत येऊ शकते. 2003 साली ठरलेल्या मानकात उगमापाशी 15.4 वॅट दिले, तर 100 मीटरच्या कमाल अंतरानंतर 12.95 वॅट हाती लागतील असे धरलेले आहे. बाकीची शक्ती वाटेत तारच खाते. साम्य इतके दिसले की दृष्टान्त केबलला जसाच्या तसा लावण्याचा मोह होतो.

पण दृष्टान्ताचा जीव पाटात नाही, पाण्यात आहे. तळ्यातले पाणी आणि वाफ्यातले पाणी एकच असते; वेदान्त्याच्या मते वृत्तीने मर्यादित झालेले चैतन्य आणि वस्तूने मर्यादित झालेले चैतन्य त्या क्षणी एक होते, आणि या एकत्वालाच तो विषयाचे प्रत्यक्षत्व म्हणतो. केबलमधून येतात ते आकडे. ते जेथून निघाले त्या फाटकाशी त्यांचे असले काही एकत्व नाही. पहारेकऱ्याच्या खोलीत पडद्यासमोर बसलेल्या माणसाला खरे प्रत्यक्ष होते ते पडद्याचे. फाटकाविषयीचे त्याचे ज्ञान नैयायिकांच्या भाषेत अनुमान ठरते, म्हणजे एका गोष्टीच्या खुणेवरून दुसऱ्या गोष्टीपर्यंत पोहोचलेले ज्ञान. आणि अनुमान उभे राहते ते व्याप्तीवर, म्हणजे खूण जेथे असेल तेथे ती गोष्ट असतेच अशा नियमावर. थेट चित्रणाच्या बाबतीत चष्म्याचे किंवा आरशाचे उदाहरण देऊन हा आक्षेप काही अंशी सौम्य करता येईल, पण साठवलेल्या चित्रणाच्या बाबतीत तीही सवलत मिळत नाही, कारण न्यायमते प्रत्यक्षासाठी इंद्रियाचा वर्तमान वस्तूशी संनिकर्ष, म्हणजे संबंध, हवा आणि साठवणीत वस्तू वर्तमान नसते. तेव्हा सगळा भार व्याप्तीवर येतो: यंत्राचे घड्याळ बरोबर होते काय, चित्रण मध्ये कोणी बदलले नाही ना, पडद्यावरची आकृती खरोखर त्या दिवशीची आणि त्या जागेची आहे काय. रात्री अंधारात कॅमेरा माणसाला न दिसणारा अवरक्त प्रकाश स्वतःच फेकून चित्र काढतो, म्हणून त्याला कोणी स्वयंप्रकाश म्हणेल. परंतु वेदान्तात स्वयंप्रकाश ते, जे स्वतःला प्रकट करण्यासाठी दुसऱ्या ज्ञानाची अपेक्षा ठेवत नाही, आणि कॅमेऱ्याचे चित्र कोणी पाहीपर्यंत कोणालाच प्रकट झालेले नसते.

सांख्यदर्शन याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहते. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त पुरुषाची, म्हणजे शुद्ध चेतन तत्त्वाची, पाच लक्षणे एकाच कारिकेत गोवलेली आहेत: साक्षित्व, कैवल्य म्हणजे निखळ वेगळेपण, माध्यस्थ्य म्हणजे उदासीनता, द्रष्टृत्व आणि अकर्तृभाव. यांतले शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. पुरुष साक्षी असू शकतो, कारण तो काहीच करीत नाही. करणे सगळे प्रकृतीचे, आणि प्रकृती अचेतन. कॅमेऱ्याला ही पाच लक्षणे लावून पाहिली तर उदासीनता त्याच्या ठिकाणी सापडेल, परंतु ती दगडाची उदासीनता आहे, कारण द्रष्टृत्व नाही. उलट पडद्यासमोरच्या माणसाकडे द्रष्टृत्व आहे, पण अकर्तृभाव त्याच्याजवळ फिरकतही नाही. खांब त्याने किंवा त्याच्या संस्थेने उभारला, भिंगाची दिशा ठरवली, चित्रण किती दिवस ठेवायचे आणि कोणाला दाखवायचे हे ठरवले. भिंग दोन अंश डावीकडे वळले की शेजारच्या खिडकीतली दोरीवर वाळणारी लुगडी चौकटीत येतात. उजवीकडे वळले की संस्थेच्या पदाधिकाऱ्याची आडवी लावलेली मोटार चौकटीबाहेर जाते. साक्षित्वाचे दोन अर्धे दोन ठिकाणी आहेत म्हणून केबलने जोडले की पूर्ण साक्षी तयार होईल, ही अपेक्षा फोल आहे. अचेतनाची उदासीनता आणि चेतनाचे कर्तृत्व एकत्र आले की त्यातून साक्षी निघत नाही, अधिक लांब हाताचा कर्ता निघतो.

धर्मशास्त्राला साक्षीची ही व्यावहारिक बाजू चांगली ठाऊक होती. ‘मनुस्मृती’च्या आठव्या अध्यायात साक्षीदार कोणाला करू नये याची यादी आहे आणि तीत ज्याचा वादातल्या द्रव्याशी संबंध आहे तो, जवळचा, सोबती आणि वैरी हे सगळे येतात. या न्यायाने पाहता कॅमेऱ्याचा मालक बहुतेक वेळा हितसंबंधी पक्षच असतो. आधुनिक भारतीय कायदाही यंत्राला एकटे बोलू देत नाही. 2014 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज दुपारी 3 वाजण्याच्या मुदतीत दाखल झाला की मुदत टळल्यावर, या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुढे आले. परंतु भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65-ब नुसार त्याच्यासोबत हवे असलेले प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नव्हते. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी असे ठरवले, की अशा चित्रणाच्या नकलेसोबत प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. मात्र ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केलेल्या पक्षावर, दुसऱ्याच्या नकारामुळे अशक्य झालेली गोष्ट करून दाखवण्याची सक्ती होऊ शकत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नेही प्रमाणपत्राची अट कायम ठेवली आहे. प्रमाणपत्र म्हणजे, हे यंत्र या काळात नीट चालत होते आणि यातून निघालेली ही नक्कल अशी आहे, असे जबाबदार माणसाने स्वतःच्या सहीने सांगणे. नैयायिक ज्याला व्याप्तीची खात्री म्हणतो, तीच येथे कोर्ट सहीच्या रूपात मागते.

दुसरी समजूत, म्हणजे देवाची जागा कॅमेऱ्याने घेतल्याची, अधिक खोलवर रुजलेली आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील वरुणसूक्तात दोघे बसून कुजबुजत असले तरी तेथे तिसरा वरुण असतोच, आणि त्याचे हजार डोळ्यांचे हेर आकाशातून पृथ्वीवर नजर ठेवतात, अशी कल्पना आहे. ‘मनुस्मृती’ही साक्षीदाराला बजावते, की आपल्याला कोणी पाहत नाही असे पापी माणसाला वाटत असले, तरी देव आणि त्याच्या आतला पुरुष त्याला पाहत असतात. या दोन कल्पना वरवर सारख्या असल्या तरी त्यांच्यातला फरक निर्णायक आहे. वरुण हेरांकरवी बाहेरून पाहतो आणि पाशांनी बांधतो; आतला पुरुष बांधत नाही, तो फक्त आहे आणि त्याच्यापासून काही लपत नाही. एक राजाचे पाहणे आहे, दुसरे साक्षीचे. श्वेताश्वतर उपनिषदाने एकाच देवाला कर्माध्यक्ष, म्हणजे कर्मांवर देखरेख करणारा, आणि साक्षी अशी दोन्ही विशेषणे एकाच मंत्रात दिली, आणि नंतरच्या वेदान्त्यांना ती एकत्र नांदवण्यासाठी पुष्कळ खटपट करावी लागली.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूरला ही दोन्ही पाहणी एकमेकांत मिसळलेली दिसतात. तेथे शनीची शिळा छपराविना, उघड्या आकाशाखाली चौथऱ्यावर उभी आहे आणि गावातल्या घरांना परंपरेने चौकट असली तरी दाराच्या फळ्या नसतात, कारण चोरी करणाऱ्याला शनी शासन करतो अशी श्रद्धा आहे. 2011 मध्ये युको बँकेने तेथे कुलूपबंद दाराविना शाखा उघडली, तेव्हा तिची देशभर बातमी झाली. रोकड सांभाळण्याची काळजी बँकेने अर्थातच सोडली नव्हती. ही श्रद्धा साक्षीवरची आहे असे सहज म्हटले जाते, पण बारकाईने पाहता ती दंडधरावरची श्रद्धा आहे: शनी नुसता पाहत नाही, तो साडेसाती लावतो. म्हणून कॅमेऱ्याने देवाची जागा घेतली असे म्हणायचेच असेल, तर ती वरुणाच्या हेरांची आणि काही प्रमाणात शनीची जागा घेतली असे म्हणावे. साक्षीची जागा कधी रिकामी झालीच नव्हती, कारण ती आत आहे. तुकोबांनी खऱ्याखोट्याच्या निवाड्यात बहुमत बाजूला सारून स्वतःच्या मनाला ग्वाही ठेवले, ती ग्वाही खांबावर बसवता येणारी नव्हे.

कॅमेऱ्याचे खरे कूळ शोधायचे तर कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’कडे जावे लागते. राजा हेरांच्या डोळ्यांनी पाहतो ही आपल्याकडची जुनी कल्पना, आणि कौटिल्याने तिची संपूर्ण व्यवस्था लावून दिली: कपटी विद्यार्थी, संन्यास सोडलेला, गृहस्थ, व्यापारी आणि तापस अशा वेशांतले गूढपुरुष त्याने नेमायला सांगितले. यांतला तापस येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. विरक्ताच्या वेशामुळे त्याच्यासमोर लोक मोकळे होतात, आणि तो मात्र पगारी असतो. साक्षी म्हणवणारा कॅमेरा हा त्याच तापसाचा आजचा अवतार आहे. त्याची उदासीनता हा त्याचा वेश आहे. फरक असलाच तर कौटिल्याच्या बाजूने आहे, कारण एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचे सांगणे जुळले तरच विश्वास ठेवावा असा नियम त्याने घातला होता, आणि एकाच कॅमेऱ्यातील दहा सेकंदांची धूसर फीत गावभर फिरवून निकाल देणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो. इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने 1791 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पॅनॉप्टिकॉन’ या तुरुंगाच्या आराखड्यात, तपासनीस प्रत्यक्ष असो वा नसो, तो सर्वत्र असल्याचा भास कैद्याला व्हावा अशी योजना होती. कौटिल्याचा हेर दिसू नये म्हणून वेश घेतो, तर बेंथमचा तपासनीस न दिसताच जाणवावा लागतो. खांबावरचा कॅमेरा दोन्ही कामे करतो.

हेर म्हटले की निंदाच अभिप्रेत आहे असे मात्र नाही. ज्याच्या बाजूने कधीच कोणी बोलायला नव्हते, त्याला कधी कधी याच यंत्राने आधार दिला आहे. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजीत सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी देशातील प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण 18 महिने जपून ठेवण्याचा आदेश दिला, तो कोठडीतल्या माणसाच्या रक्षणासाठी. येथे नजर बलवानाकडे वळलेली आहे, आणि म्हणूनच न्यायालयाने देखरेखीसाठी राज्य व जिल्हा पातळीवर स्वतंत्र समित्या मागितल्या. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच कपाटात चित्रणाची किल्ली राहिली, तर आदेशाला अर्थ उरत नाही हे उघड होते. कॅमेऱ्याकडून साक्षित्वाची अपेक्षा सोडून त्याला कोणाचा तरी हेर म्हणून ओळखले, की विचारण्याजोगे प्रश्न आपोआप पुढे येतात: तो कोणाचा, कोणावर नेमलेला, आणि त्याचे सांगणे कोण पडताळणार. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले, तेव्हापासून हे प्रश्न निदान शासनाला तरी टाळता येत नाहीत. गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभेत ते अजून क्वचितच निघतात.

एक प्रश्न मात्र यातूनही उरतो आणि तो शुद्ध तात्त्विक आहे. बहुतेक चित्रण कोणीच पाहत नाही. ते साठते आणि जागा भरली की त्याच्यावरच नवे चढते. जे टिपले गेले पण कोणालाही दिसले नाही, ते पाहिले गेले काय? नैयायिकाचे उत्तर सरळ आहे: ज्ञान हा आत्म्याचा गुण, तो येथे कोणाच्याच ठिकाणी उत्पन्न झाला नाही, म्हणून पाहणे घडलेच नाही, चकतीवर होते ते फार तर ज्ञानाचे एक कारण, आणि ते कार्यापूर्वीच नष्ट झाले. वेदान्तातील विवरण-परंपरेचा अद्वैती हे मान्य करीत नाही. या परंपरेतील प्रकाशात्म्याने मांडलेल्या मतानुसार प्रत्येक वस्तू साक्षिचैतन्याचा विषय असतेच, मग ती ज्ञात म्हणून असो वा अज्ञात म्हणून. ‘हे मला ठाऊक नाही’ असे माणूस म्हणू शकतो तेच मुळी त्या अज्ञानालाही कोणीतरी प्रकाशित करीत असल्यामुळे. त्या हिशेबाने पुसले गेलेले चित्रणही साक्षीबाहेर नव्हते. परंतु त्या रात्री फाटकाजवळ काय घडले हे ठरवायची वेळ आली, तर नैयायिकाला निदान शेजारपाजारच्या कोणाला बोलावून विचारता येते. अद्वैत्याचा साक्षी सर्व काही प्रकाशित करीत असूनही, अकर्ता असल्यामुळे, जबानी द्यायला येऊ शकत नाही.